अक्काबाईची वाकडी मान

कोंडाजी रायत्यांच्या जिन्यात सतरा पक्षी होते, आणि सतराही जण आत्ताच गरम पाण्यानं अंघोळ करून, तेल लावून बसल्यासारखे दिसत.

द्वारका चौकाजवळचं ते दुमजली घर. खाली मुलाचं, हर्षलचं, फ्लेक्स छापायचं दुकान, वर राहायची जागा, आणि मधल्या जिन्याच्या भिंतीवर नऊ घारी, पाच कावळे, एक शिक्रा, एक घुबड आणि कचरा डेपोवरचं एक पांढरं गिधाड. प्रत्येकाला लंबगोल चौकट, मागे निळसर ढगाळ रंग, छाती पुढे, नजर समोर. कोंडाजींची बायको नवसाबाई भाजीची पिशवी घेऊन वर चढताना रोज पदर सावरायच्या आणि रोज पुटपुटायच्या, "येवढे सासरे एका रांगेत मी लग्नात पण नव्हते पाह्यले."

त्यांचंही चुकत नव्हतं. कोंडाजींना चेहरा काढायची एकच रीत ठाऊक होती, ती म्हणजे वारलेल्या माणसाचा चेहरा काढायची. चाळीस वर्षं त्यांनी दहाव्याचे फोटो केले. माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी घरचे लोक हाताला लागेल ते घेऊन यायचे. कधी मतदान कार्ड, कधी कोणाच्या तरी लग्नातला घोळका, त्यात तिसऱ्या रांगेत फेट्यामागे लपलेला अर्धा कान. तेवढ्यावरून नवव्या दिवसापर्यंत कोंडाजी हातानं रंगवून अख्खा माणूस उभा करायचे, आणि दहाव्याला गोदेच्या घाटावर त्याला हार पडायचा. त्यांच्या सवयी ठरलेल्या होत्या. बसके गाल भरायचे, तिरळा डोळा सरळ करायचा, व्रण पुसायचे. उघड्या डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी ठेवायची. ज्यानं अख्खा जन्म बंडीवर काढला त्यालाही कोट चढवायचा. तक्रार कोण करणार? लोक रडता रडता म्हणायचे, "आमचे अण्णा एवढे देखणे होते हे आम्हाला माहीतच नव्हतं." निफाडकडे तर लोक थट्टेनं म्हणत की कोंडाजीकडे गेला की माणूस सुधारतो, फक्त आधी मरावं लागतं.

मग कॉम्प्युटर आला. कोंडाजींना नऊ दिवस लागायचे ते काम हर्षल दहा मिनिटांत करू लागला आणि बापापेक्षा गोरं करून देऊ लागला. कोंडाजी गच्चीत जाऊन बसायला लागले. एके दिवशी पाण्याच्या टाकीवर एक घार येऊन बसली. पंजात मटणाच्या दुकानातलं काहीतरी होतं. तिनं कोंडाजींकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना एक जुना मामलेदार आठवला. ते खाली गेले, बोर्ड आणि रंगांची पेटी घेऊन आले. तेव्हापासून हा जिना भरत गेला.

लोक बघायला येऊ लागले. एका पेपरात फोटोही छापून आला. "काय रुबाब आणलाय हो कावळ्याला!" असं एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, आणि कोंडाजी आठवडाभर जमिनीवरून चार बोटं वर चालले. पण यात एक गोम होती. घारीला चेहऱ्यानं ओळखणारं माणूस त्या जिन्यात अजून आलंच नव्हतं.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी ते आलं.

त्याचं नाव हिरामण. चाळिशीचा, काटक, पेठच्या पुढच्या एका पाड्यावरचा. दरवर्षी छाटणीला निफाडच्या द्राक्षबागांत यायचा, तिथल्या मालकाच्या ओसरीत कोंडाजींच्या हातचा एक म्हातारा टांगलेला होता, त्यावरून पत्ता काढत आला. बाकीचं वर्ष तो गावाकडे गिधाडं सांभाळायचा. पाड्यांवर मेलेलं ढोर उचलायचं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन त्याला दिलं नव्हतं याची खात्री करायची, कारण ते औषध गिधाडाला विष, आणि मग ते ढोर कड्याखालच्या कुंपणात नेऊन ठेवायचं. हे त्याचं काम.

"आबा," तो म्हणाला, "दहाव्याचा फोटो करून पायजे होता."

"मी आता करत नाही रे. खाली मुलगा करून देतो. कोण वारलं?"

"आमच्याकडलं गिधाड."

कोंडाजी हसले. हिरामण हसला नाही. तेव्हा कोंडाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षं दारात आलेली दुःखी माणसं पाहून कोणाचं दुःख आतलं आणि कोणाचं वरवरचं हे त्यांना चपला कुठे काढल्या यावरून कळायचं. हिरामण चपला पार खाली, रस्त्याला लागून काढून आला होता.

"बस," ते म्हणाले. "सांग."

हिरामण बसला आणि बोलला. चौदा वर्षांपूर्वी कड्यावर मोजून सात गिधाडं उरली होती. त्यानं पहिलं ढोर कुंपणात ठेवलं तेव्हा एकही खाली उतरलं नाही. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. वास सुटला. अख्खा पाडा त्याला नावं ठेवू लागला, बायको सविता जेवायला वाढताना नाक धरू लागली. सहाव्या दिवशी एक मादी उतरली, मान वाकडी, चालत चालत आली, हिरामणकडे बघून फिसकारली आणि खायला लागली. मग बाकीची आली. आता कड्यावर चाळीसच्या वर आहेत.

"तिनं माझी लाज राखली आबा. मी तिला अक्काबाई म्हणायचो."

"अगं बाई!" आतून नवसाबाई म्हणाल्या. "दुसरं नाव नव्हतं व्हय रे? अक्काबाईचा फेरा म्हणत्यात, अन् तू घरचं नाव दिल्यागत देतो!"

"घरचंच हाय मावशी. माझ्या आत्याचं. ती पण अशीच मान वाकडी करून भांडायची."

परवा ती कड्याखाली मरून पडलेली सापडली. म्हातारी झाली होती. तपासायला म्हणून जंगलखात्याचे साहेब लोक तिला घेऊन गेले, मागे एक पीससुद्धा राहिलं नाही. तिचा दहावा घालायचा असं हिरामणनं ठरवलं होतं. लोक हसत होते, त्यांना हसू दे. कुंपणाजवळच्या झोपडीत तिचा फोटो लावायचा होता, तेवढंच.

त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत लांबवर एक तपकिरी डाग होता. त्याला मान आहे हे सांगितलं तरच कळलं असतं.

"यापेक्षा वाईट फोटोवरून मी माणसं काढलीत," कोंडाजी म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांना कोणाच्या तरी दहाव्याची तारीख मिळाली होती. "आज तिसरा ना? आठव्या दिवशी ये."

पुढचे पाच दिवस म्हातारा जेवायला उठायचासुद्धा नाही. पुस्तकातली गिधाडं पाहिली, मोबाइलवर पाहिली, आणि हात चालू लागला. मान हिरामणनं वाकडी सांगितली होती, पण वाकडी मान चौकटीत शोभत नाही, म्हणून जराशी सरळ केली. चोचीचा टवका उडालेला होता, तो भरला. एक पापणी अर्धी मिटलेली असायची म्हणे, ती उघडली. उघडी काळपट मान बघवेना, तिच्यावर मऊ पांढरी पिसं घातली. डोळ्यात एक पांढरा ठिपका दिला, नजर मायाळू झाली. चित्र झालं तेव्हा ते स्वतः दोन पावलं मागे सरले आणि खुश झाले. खरोखर, त्या सतरांत एवढं देखणं कोणी नव्हतं.

"नवरदेव दिसतोय," नवसाबाई म्हणाल्या.

"मादी आहे ती."

"मग नवरी."

आठव्या दिवशी हिरामण आला. त्यानं चित्रापुढे हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच ठेवले. मग म्हणाला, "लय भारी झालंय आबा."

कोंडाजी वाट पाहत होते. या घटकेला माणसं रडायची. चाळीस वर्षांत एकही घटका चुकली नव्हती. हिरामण रडला नाही. पाव्हण्यांकडे बघावं तसा तो त्या चित्राकडे अदबीनं बघत होता.

"काय झालं? बोल."

"काय नाय."

"अरे बोल की!"

"रागावू नका आबा. घरी नेलं तर सविता विचारल, ही कोण पाव्हणी आली म्हणून."

कोंडाजी भडकले. त्यांचा राग तसा दुधासारखा, वर आला की लगेच उतू जाणारा. "चाळीस वर्षांत एका माणसानं माझा फोटो परत केला नाही! आमदाराच्या वडलांचा केला मी! आणि तू मला सांगतोस?"

"परत नाय करत आबा. नेतो ना. तुम्ही येवढं केलं." आणि खरंच त्यानं चित्र जुन्या धोतरात गुंडाळायला घेतलं. राग आलेल्या माणसासमोर कोणी भांडायलाच तयार नसेल तर त्यानं करावं तरी काय?

नवसाबाई चहा घेऊन आल्या. हिरामणपुढे कप ठेवत सहज म्हणाल्या, "वाईट नको वाटून घेऊ रे. यांच्या हाताला सवयच लागली. सासूबाईंचा तरी कुठं ओळखू येतो?"

कोंडाजींचा कप हवेतच राहिला. "कोणाचा?"

"तुमच्या आईचा."

समोरच्या भिंतीवर आई होती. तीस वर्षं होती. भरले गाल, नितळ कपाळ, नीट ओठ, ठसठशीत कुंकू. ते चित्र कोंडाजींनी नऊ दिवस डोळे पुसत काढलं होतं आणि तेच त्यांचं सगळ्यांत चांगलं काम, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"सासूबाईंच्या तोंडावर देवीचे वण होते," नवसाबाई म्हणाल्या. "वरचा दात खालच्या ओठावर यायचा. एक डोळा बारीक होता. मी अकरा वर्षं काढली त्यांच्याबरोबर. या बाईला मी रोज दिवा दाखवते, पण ही कोण ते मला नाय ठाऊक."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही रडत होता. कशी बोलू?"

कोंडाजींनी डोळे मिटले. देवीचे वण असलेली, दात पुढे आलेली आई त्यांनी आठवून पाहिली. भिंतीवरची बाई आली. शेतात वाकलेली आई आठवली, तिनं मान वर केली, आणि पुन्हा तीच भिंतीवरची बाई. चुलीपुढची आठवली, तिचंही तेच. आपल्या हातानं आपण आईचं तोंड पुसलं आणि तीस वर्षं त्यावर शाबासकी घेतली, हे त्यांना एकदम लख्ख कळलं, आणि त्यांना भीती वाटली. आई गेली तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

ते हिरामणकडे वळून म्हणाले, "धोतर सोड. ते चित्र इथंच राहू दे. दहावा परवा ना? मी उद्या येतो तिकडे."

"तुम्ही? येवढ्या लांब?"

"मी पण येते," नवसाबाई म्हणाल्या. "यांना एकट्याला सोडलं तर गिधाडाला टोपी घालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेठच्या एसटीनं दोघं निघाली. सावळघाटात नवसाबाईंना मळमळलं, कोंडाजी मांडीवर बोर्ड धरून बसून होते. पाड्यावर नागली कापून पडली होती, आणि नेमकी आदल्या दिवशीच कोणाची तरी गाय गेली होती. ती कुंपणात ठेवून हिरामणनं त्यांना जवळच्या कुडाच्या झोपडीत बसवलं. भिंतीला हातभर फट होती.

गिधाडं उतरली. कोंडाजींनी जन्मात पहिल्यांदा ती जवळून पाहिली. ती भांडत होती, एकमेकांच्या पाठीवर चढत होती, मान खांद्यापर्यंत आत घालून लालभडक करून बाहेर काढत होती. नवसाबाईंनी नाकाला पदर लावला. कोंडाजी बघतच राहिले. मानेवर पिसं का नसतात हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. असं जेवणाऱ्याला तिथं पिसं परवडलीच नसती.

"मी तिला मफलर घातला होता," ते हळूच म्हणाले.

पक्षी कड्यावर परतल्यावर ते बाहेर खडकावर बसले. कागद लावला, आणि गाडं अडलं. गिधाड कसं असतं ते आता कळलं होतं, अक्काबाई कशी होती ते कुठे माहीत होतं? हिरामण सांगायचा प्रयत्न करत होता. मान अशी, म्हणजे अशी नाय, जरा अशी. शेवटी त्याला शब्द पुरेनात तेव्हा तो उठला, समोरच्या दगडावर चढला, दोन्ही हात अर्धे पसरले, पाठीला पोक काढलं, मान डावीकडे वाकडी केली, एक डोळा अर्धा मिटला आणि घशातून असा काही फिसकारला की नवसाबाईंच्या हातातला तांब्या पडला.

भात झोडपणारी माणसं काम टाकून आली. हसून हसून सविता खाली बसली. "अगदी तशीच! पण ती पाय फाकवून उभी राहायची हो."

हिरामणनं पाय फाकवले.

"अन् मान आणखी खाली," एक म्हातारा म्हणाला. "माझा बैल खाल्ला तेव्हा तिनं माझ्याकडं असं खालूनच पाह्यलं होतं."

आठ दिवस हिरामणला हसणारी हीच माणसं. पण प्रत्येकाला तिचं काही ना काही माहीत होतं. कोणाला चोचीचा टवका कोणत्या बाजूला ते, कोणाला पंजाचं तुटकं बोट. ज्याचं ढोर तिनं खाल्लं त्याला तर ती व्याह्यासारखी पाठ होती. कोंडाजी काढत होते. बोटं जुनीच, ती सारखी मान सरळ करायला धावायची. डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते रेघ ओढू लागले. मागून नवसाबाई राखण करत होत्या.

"पापणी उघडली हो."

ते पापणी मिटायचे.

"आता चोच सुधरायला लागली."

ते चोच बिघडवायचे. दोन तास हिरामण दगडावर वाकडा उभा होता. उतरला तेव्हा त्याची मान खरोखर अवघडली होती, आणि सवितानं ती तेल लावून चोळली.

दहाव्या दिवशी सकाळी झोपडीच्या कुडाला चित्र लागलं. निळे ढग नाहीत, लंबगोल नाही. उघडी, सुरकुतलेली मान डावीकडे कललेली, एक डोळा अर्धा मिटलेला, चोच टवका उडालेली, आणि सगळ्या जगावर खेकसायच्या बेतात असलेला तो चेहरा. मुद्दाम बघायला जावं असं त्यात काही नव्हतं. सवितानं पळसाच्या पानावर भात ठेवला. हिरामण पुढे आला, आणि बघता बघता त्याची मान आपोआप वाकडी झाली.

"हां," तो म्हणाला. "हीच."

आणि मग तो रडला. आडोसा न बघता, हुंदके देऊन, आईबाप गेल्यावर रडावं तसा. या वेळी कोणी हसलं नाही. कोंडाजींना वाटलं, आजवर आपल्या चित्रांपुढे जे रडले ते गेलेल्या माणसासाठी रडले, चित्र तिथं नुसतंच होतं. हा पहिला माणूस, ज्याला त्याचं माणूस परत दिसलं. त्यांनी हिरामणला जवळ घेतलं आणि त्याच्या दुखऱ्या मानेवरून हात फिरवला.

घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. स्टुलावर चढून आईची तसबीर उतरवली, उलटी करून भिंतीला टेकवली. कोरा कागद लावला. नवसाबाईंना समोर बसवलं.

"सांग."

"काय सांगू? वण होते."

"कुठे?"

"गालावर. कपाळावर. नाकाच्या शेंड्याला एक मोठा."

ते काढत गेले. वण झाले, नाक झालं, दात झाला. कागदावर वण असलेली, दात पुढे आलेली कोणीतरी बाई झाली. कोंडाजींनी ती पाहिली आणि पेन्सिल खाली ठेवली. "ही नाही. ही नाही गं. मला येत नाही ती. मी घालवली तिला."

नवसाबाईंनी नवऱ्याचं हे तोंड लग्नाच्या इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या जरा चुळबुळल्या. "माझं अन् त्यांचं पटायचं नाय," त्या म्हणाल्या, "पण चेहरा माझ्या पक्का ध्यानात हाय. भांडणारं माणूस तोंडाकडं बघतं." दाराकडे एकदा पाहून घेतलं, हर्षल वर येत नाही ना याची खात्री केली. मग पदर डोक्यावरून कानामागे घट्ट ओढला. पाठ वाकवली. वरचा दात खालच्या ओठावर आणला, हनुवटी पुढे काढली, डावा डोळा बारीक केला आणि मान जराशी हलवत, भांडून बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "कोंडू, जेवला का रे? का तसाच बसला रेघोट्या ओढीत?"

पेन्सिल कधी उचलली ते कोंडाजींना कळलं नाही. डोळ्यांना धार लागली होती, ती पुसायला सवड नव्हती, आणि उजवं मनगट धरायची गरजही उरली नव्हती.

"हलू नको," ते म्हणाले. "आई, हलू नको."

एरवी नवसाबाईंनी यावर काय काय ऐकवलं असतं. पण त्या दात तसाच ओठावर धरून, डोळा बारीक करून, नवऱ्याकडे बघत न हलता बसून राहिल्या.